विमल सिस्टरची खोडलेली सही

त्या दिवशी नळाला पाणी होतं. लातुरात आठवड्याने नळ येतो, त्या सकाळी घरातल्या कळशीपासून ताकाच्या बरणीपर्यंत काही रिकामं राहत नाही. विमलने साडेपाचलाच पदर खोचला होता. तिची ड्युटी दुपारी दोनची, म्हणजे आज पाणी, उद्याच्या चटणीचे शेंगदाणे आणि राहिलेलं इस्त्रीचं गाठोडं, सगळं उरकायचा बेत होता. गॅसवर सुशिल्याची फोडणी तडतडत होती, भिजवलेले चुरमुरे चाळणीत निथळत होते. तिचे यजमान अवधूतराव, दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, परसात पाइप धरून उभे होते.

"अहो, दुसरी टाकी भरली की पाइप काढा. मागच्यासारखं दारात तळं करू नका," विमल आतून म्हणाली.

"तीस वर्षं टाकी भरायची गणितं शिकवली मी."

"म्हणून तर सांगतेय. गणितातली टाकी सांडली तर पुसावी लागत नाही."

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल होती, पण थापच पडली, तीही दोनदा, दबकत. विमलने हात पुसत दार उघडलं. बाहेर चाळिशीचा एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, हातात तुरीच्या ओल्या शेंगांची भरलेली पिशवी.

"सिस्टर, वळखलाव का? सतरा नंबर. नीलम्माचा पोरगा, संगमेश्वर."

"ओळखलं की. अव्वा बऱ्या आहेत ना?"

नीलम्मा निलंग्याच्या पलीकडच्या, सीमेवरच्या गावच्या. घरात कानडी, बाहेर मराठी. साखरेच्या आजाराने उजवा पाय काळा पडत चालला होता. आज अकरा वाजता, गुडघ्याच्या खालून, तो काढायचा होता.

"बऱ्या हायत," संगमेश्वर म्हणाला. मग उंबऱ्याकडे बघत राहिला. "वॉचमनला इचारत इचारत आलो. एक काम होतं. रातच्या सिस्टर म्हणल्या, सकाळी नेताना पेशंटला नाव इचारतेत, अन् कशाचं आपरेशन हाय ते बी इचारतेत. तेवढं आमच्या अव्वाला इचारू नका म्हणून तुम्ही एक फोन करताल का?"

"का बरं? त्यांना सांगता येतं की."

"नाव सांगंल वो. बाकीचं..." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिला म्हणलोय, जखम धुवून पट्टी बांधणार हायत. पाय काढणार हायत हे तिला म्हाईत न्हाई."

फोडणी करपल्याचा वास आला. विमल आत गेली, गॅस बंद केला आणि ओट्याला हात टेकून क्षणभर तशीच उभी राहिली. मग बाहेर येऊन खुर्ची पुढे केली.

"काल संध्याकाळी तुम्ही मला काय म्हणाला होतात?"

"सगळं समजावून सांगितलंय म्हणलो."

"आणि अंगठा?"

"धुवायचा कागद हाय म्हणून घेतला," तो खाली बघूनच बोलला.

आता यात विमलचं काय अडलं होतं, ते सांगायला हवं. वॉर्डातली पद्धत अशी, की ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ड्युटीवरच्या सिस्टरने संमतीचे कागद पुरे करून ठेवायचे. कधी चार, कधी सात. नातेवाइकाची सही, पेशंटची सही नाहीतर अंगठा, आणि तळाला साक्षीदार म्हणून सिस्टरची सही. त्या सहीच्या वर छापील ओळ असते: रुग्णास शस्त्रक्रियेचे स्वरूप त्यांना समजेल अशा भाषेत माझ्यासमोर समजावून सांगण्यात आले. माझ्यासमोर. या शब्दाखाली विमलने हजारो वेळा सही केली असेल. काल पाच कागद होते. अंगठ्याची शाई तिने सतरा नंबरच्या खाटेवर ठेवली आणि शेजारच्या अठरा नंबरचं सलाइन थांबलं म्हणून ती तिकडे वळली. परत आली तेव्हा अंगठा उमटलेला होता. मुलगा म्हणाला, सगळं सांगितलंय. तिने सही केली.

"अव्वाला सांगायला तुम्हाला भीती कसली वाटते?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. चढवावासा वाटलाही नाही.

"तिची बहीण होती, हुमनाबादकडं. तिचा बी पाय काढला. मग गोठ्याच्या कडंला खाट टाकून दिली तिला. दोन वर्सं. अव्वा भेटून आली तवा म्हणली, माझ्यावर ही येळ आली तर मरू द्या, कापू नका. आता तुम्हीच सांगा, तिला सांगितलं तर व्हईल का ती तयार? डाक्टर म्हणले, दोन दिसांत इख वर चढतंय." त्याने पिशवी खाली ठेवली. "मला माय पायजे, सिस्टर. एका पायाची असू द्या."

अवधूतराव पाइप टाकीत सोडून आतल्या दारात कधी येऊन उभे राहिले कुणाला कळलंच नव्हतं. टाकी सांडायला लागली तेव्हा ते पळाले.

विमलने घड्याळ पाहिलं. पावणेआठ. "शेंगा घरी न्या. पेशंटच्या घरचं मी काही घेत नाही, रागावू नका. दवाखान्यात थांबा, मी येतेय. मी येईपर्यंत अव्वाला काही बोलू नका. मीही तुमच्या मागे काही सांगणार नाही, एवढं पक्कं."

तो गेल्यावर अवधूतराव म्हणाले, "त्याचं चुकलं म्हणता येत नाही गं. जीव वाचतोय बाईचा."

"मी कुठे म्हणते चुकलं?"

"मग? तुझी ड्युटी दोनला आहे. फोन करून सांग अन् हो मोकळी."

"काय सांगू फोनवर? सही माझी आहे."

साडी बदलताना तिला किशनराव आठवले. तसे ते तिला अधूनमधून आठवतच. विमल मूळची धर्माबादकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. नांदेडला नर्सिंग शिकली आणि पहिली नोकरी इस्लापूरच्या बाजूला एका लहान दवाखान्यात लागली, त्याला आता तीस वर्षं झाली. किशनराव तिथे महिनाभर येऊन-जाऊन होते. पोटात गाठ. घरच्यांनी हात जोडून सांगितलेलं, त्यांना कळू देऊ नका. एक दिवस त्यांनीच विमलला विचारलं, "पोरी, खरं सांग, मी उठतो का यातून?" बावीस वर्षांची विमल हसून म्हणाली होती, "काहीच नाही झालेलं बाबा, दिवाळीला चालत घरी जाताल." ते दसऱ्याआधीच गेले. पुढे त्यांची बायको विठाबाई बाजारात भेटली. रागावली नाही. नुसतं म्हणाली, "बारा वर्सं भावाशी बोलणं नव्हतं बघा त्यांचं. म्हणायचे, बरा झालो की जातो त्याच्याकडं. सांगितलं असतं तर बोलावून घेतलं असतं की वो बाई."

त्या दिवसापासून विमलने स्वतःपुरता एक नेम केला. पेशंटने विचारलं तर खोटं सांगायचं नाही, पण खरं एकदम अंगावरही टाकायचं नाही. आधी घरच्यांशी बोलायचं, मग डॉक्टरांशी, मग पेशंटशी, आणि शेवटपर्यंत तिथेच बसायचं. तीस वर्षं तो नेम पाळला असं तिला वाटत होतं. काल सलाइन थांबलं आणि तो हातून निसटला.

साडेआठला ती दवाखान्यात पोचली. डॉक्टर रविकांत राउंड संपवून चहा घेत होते. वयाने तिच्यापेक्षा लहान, हाताला यश असलेला सर्जन, फक्त वेळेच्या बाबतीत कंजूष.

"सिस्टर? सकाळी कशा काय?"

"सर, सतरा नंबरच्या संमतीवरची माझी सही मला मागे घ्यायची आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. विमलने सगळं सांगितलं, सलाइनपासून शेंगांपर्यंत. आपली चूक आधी सांगितली, मुलाची नंतर.

"ओपीडीत मी मुलाला नीट समजावलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"हो सर. मुलाला."

"सिस्टर, गँगरीन आहे. आणि समजा, त्या नाही म्हणाल्या? जबाबदारी कुणाची?"

"नाही म्हणाल्या तर तुम्ही पुन्हा समजवा, मीही समजावेन. पण शुद्धीवर आल्यावर चादर उचलून बघायची आणि तेव्हा कळायचं, असं त्यांचं होऊ नये. बहिणीचं बघून आलेल्या आहेत त्या. नंतर मुलाच्या हातचं पाणी तरी पितील का?"

डॉक्टरांनी लिस्टचा कागद पुढे ओढला. मग घड्याळाकडे बघितलं. "लिस्टमध्ये त्यांना शेवटी टाकतो. एक वाजता. त्याच्या पुढे मी थांबू शकत नाही, आणि त्यांचा पायही थांबणार नाही. अन् ही खोडाखोड माझ्या माथी नको. मेट्रन मॅडमना तुम्हीच उत्तर द्या."

"देईन."

तिने फाइल उघडली. आपल्या सहीवर एकच सरळ रेघ मारली, खालची अक्षरं वाचता येतील अशी. बाजूला तारीख, वेळ आणि पुन्हा सही. कागदावरचं खोडायची हीच रीत.

नीलम्मा उशीला टेकून बसल्या होत्या. पासष्टीच्या, काटक, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. पायावरचं फडकं नीट झाकलेलं, पण वास झाकत नव्हता. विमलने पडदा ओढला आणि स्टूल घेऊन त्यांच्या नजरेसमोर बसली. संगमेश्वर पायथ्याशी उभा.

वॉर्डाच्या दारात तिने त्याला एवढंच म्हटलं होतं, "सांगायचं तुम्हीच. मी जवळ आहे." तो आता दोनदा "अव्वा" म्हणाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला.

मग विमलनेच विचारलं, "अव्वा, आज काय करणार आहेत, तुम्हाला काय माहीत आहे ते मला सांगा बरं."

"धुणार हायत म्हणं." नीलम्मा थोडं थांबल्या. "पर धुवायला एवढ्या सह्या कामून लागतेत गं बाई?"

संगमेश्वरची नजर कॅलेंडरवरून हलली नाही.

"आठ दिस झाले वास यायला. माझाच पाय हाय, मला कळत न्हाई का? हे पोरगं नाकाला रुमाल लावतंय अन् म्हणतंय सर्दी झाली. थंडीत सर्दी, उन्हात बी सर्दी."

संगमेश्वरच्या तोंडातून हसू फुटतंय की रडू, ते त्यालाही कळलं नसावं. तो खाटेच्या कडेला बसला. "पाय काढावा लागतोय अव्वा. गुडघ्याच्या खालून. काल मी खोटं बोललो."

नीलम्मांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत राहिली. अशा वेळी आपलंच तोंड आधी हलतं, "काळजी करू नका, सगळं छान होईल." विमलने ते शब्द गिळले. बसून राहिली.

"माझ्या बहिणीला बी असंच म्हणले होते," नीलम्मा खिडकीकडेच बघत म्हणाल्या.

"त्यांचं कसं काय झालं ते मला माहीत नाही अव्वा. तुमचं काय होईल, तेवढं सांगते."

आणि तिने सांगितलं. गुडघा राहतो, त्याने फरक पडतो. चार-सहा आठवडे जखमेचे, दुखणार. पुढे नकली पाय बसवतात, पण साखर आटोक्यात राहिली तरच, बसेलच असं ती म्हणणार नाही. काढला नाही तर विष रक्तात जाईल, आणि मग दिवस फार उरणार नाहीत. "आणि नको म्हणायचा हक्क तुमचा आहे. नको म्हणालात तरी आम्ही पट्ट्या करू, दुखणं कमी करू. तुम्हाला कुणी टाकून देणार नाही."

संगमेश्वरने तिच्याकडे असं बघितलं की ती नजर विमल पुढे बरेच दिवस विसरली नाही. ज्या गोष्टीला तो इतके दिवस भीत होता ती तिने सरळ त्याच्या आईच्या हातात देऊन टाकली होती.

नीलम्मांनी मुलाकडे मान वळवली. "अन् मला गोठ्याच्या कडंला टाकायचं का?"

"गोठ्यात मी झोपतो, अव्वा. तू घरात झोप."

"तू कशाला झोपतोस? तुझ्या घोरण्यानं म्हशी आटतील."

पडद्यापलीकडची अठरा नंबरची बाई फस्सकन हसली. संगमेश्वरने डोळे शर्टाच्या बाहीला पुसले.

नीलम्मा मात्र हसल्या नाहीत. त्यांचा हात गळ्यातल्या डबीवर गेला होता. "एक सांग बाई. कापलेला पाय कुठं टाकतेत?"

तीस वर्षांत हे विमलला कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचा नेम असला म्हणून खरं लगेच जिभेवर येतं असं नाही. तिने स्टूल आणखी जवळ ओढलं. "पिवळ्या पिशवीत बांधतात. ती गाडीने जाते, आणि मशीनमध्ये जाळतात."

"आमच्यात जाळत न्हाईत. पुरतेत." नीलम्मांनी डबी मुठीत धरली. "मालकाला रानात पुरलंय, लिंबाच्या बुडाशी. माझी जागा त्यांच्या शेजारची हाय. पाय आधी जातोय तर आधी जाऊ दे. पर तिथंच जायला पायजे. जाळणार असताल तर ऱ्हाऊ द्या, मी हाय तशी बरी."

साडेदहा झाले होते. "मी विचारून येते," विमल म्हणाली. "होईलच असं कबूल करत नाही. पण उत्तर घेऊनच येईन."

मग पुढचे पावणेदोन तास ती खालीवर करत राहिली. ऑफिसातले एक कारकून म्हणाले, असं आपल्याकडे कधी झालं नाही. दुसरे म्हणाले, झालंय, तीन वर्षांपूर्वी, अर्ज घेऊन दिलं होतं. जुन्या फायलींमधून तो अर्ज निघाला. संगमेश्वरने त्यावर बघून नवा लिहिला, धार्मिक कारणास्तव अवयव ताब्यात मिळावा म्हणून. अवयव हा शब्द लिहिताना त्याचं पेन अडलं, तेव्हा विमलने तो दुसऱ्या कागदावर लिहून दाखवला. दोन ऑपरेशनांच्या मध्ये डॉक्टर रविकांत मास्क खाली करून बाहेर आले, अर्ज उभ्यानेच वाचला, आणि सही करताना म्हणाले, "हे मला कालच कळलं असतं तर बरं झालं असतं."

"मलाही," विमल म्हणाली.

सव्वाबाराला ती वर आली. नीलम्मांना सांगितलं, पाय कापडात गुंडाळून, खोक्यात बंद करून मुलाच्या ताब्यात मिळेल. नीलम्मांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग विमलने नवा कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. छापील मराठी जिथे जड होती तिथे सोपी करून सांगितली, आणि एके ठिकाणी नीलम्मांनीच मुलाला कानडीत काही विचारलं, तो उत्तर देईपर्यंत विमल थांबली. वाचायला अकरा मिनिटं लागली. मग नीलम्मांनी शाईत अंगठा बुडवला आणि नीट दाबून उमटवला. त्याखाली विमलने सही केली.

पाय त्याच संध्याकाळी गावाकडे गेला. रात्री नीलम्मा पूर्ण शुद्धीवर आल्या तेव्हा विमल ड्युटीवरच होती. त्यांनी चादरीकडे बघितलं, पण उचलली नाही. कोरड्या ओठांनी विचारलं, "पुरला का?"

"फोन आला होता. लिंबाच्या बुडाशी."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या ऑफिसातून कागद आला. संमतीपत्रावर खोडाखोड का केली, आणि ड्युटी नसताना वॉर्डात येऊन ऑपरेशनच्या यादीत अडथळा का आणला, याचा लेखी खुलासा करावा. विमलने वॉर्डातल्या टेबलाशी बसून तो लिहिला. फार काही लिहिलं नाही. सही करताना मी रुग्णाजवळ नव्हते, समजावून सांगताना मी ऐकलं नव्हतं, तरी ऐकलं असं सहीने लिहून दिलं. चूक माझी आहे. ती लक्षात आल्यावर सही खोडली.

मेट्रन भार्गवी मॅडमनी चष्मा लावून तो वाचला. दोघी जवळजवळ एका वयाच्या, पंधरा वर्षं बरोबर काढलेल्या.

"मुलाने फसवलं असं एक वाक्य घाला की हो. असं लिहून दिलंत तर सगळं तुमच्यावर येईल."

"त्याने आईपायी केलं, मॅडम. मी घाईपायी."

"सरांनी तक्रार केलेली नाही म्हणा. पण एक वाजता सुरू केलं म्हणून त्यांची ओपीडी कोलमडली. वरून विचारणा आहे. शेरा पडू शकतो."

"पडू द्या."

भार्गवी मॅडमनी कागद खाली ठेवला आणि खुर्चीत मागे टेकल्या. "विमलबाई, शेऱ्याचं मी बघते. तुमचं म्हणणं काय आहे ते एकदा सरळ सांगा."

विमल उभीच होती. "एकच विनंती आहे, मॅडम. अंगठा घ्यायच्या आधी सिस्टरला पेशंटजवळ बसून कागद वाचून दाखवायला दहा मिनिटं मिळावीत. आणि साक्षीदाराची सही त्यानंतरच मागावी."